बडोदं दोन दिवसांत, पायी आणि नीट: आधी मांडवी, मग महाल

बडोद्याला येणारे बहुतेक पाहुणे ठरलेल्या वाटेनंच जातात. सकाळी लक्ष्मी विलास महाल, दुपारी गुजराती थाळी, दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी करून केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा आणि रात्रीच्या गाडीनं परत मुंबई-पुणे. शहराच्या वाट्याला अर्धा दिवससुद्धा येत नाही. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या रावपुऱ्यात, त्यामुळे मला याचं मनापासून वाईट वाटतं.

सयाजीराव गायकवाड तिसरे हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातले गोपाळ. १८७५ मध्ये ते दत्तक म्हणून बडोद्याच्या गादीवर आले आणि १९३९ पर्यंत त्यांनी राज्य केलं. त्यांनी स्वतःसाठी महाल बांधलाच, पण त्याच हातानं रयतेसाठी ग्रंथालय, संग्रहालय, कॉलेज, मंडई आणि बाग उभी केली. माझा सल्ला एवढाच आहे की रयतेसाठी बांधलेलं आधी बघा आणि महाल शेवटी. उलट क्रमानं गेलात तर महालानंतर बाकीचं सगळं लहान वाटायला लागतं. या क्रमानं गेलात तर महालात उभं राहिल्यावर तो कुणाचा होता हे कळतं.

आधी वार आणि महिना ठरवा

तिकीट काढण्याआधी कॅलेंडर उघडा. सोमवारी महाल बंद असतो, त्याच आवारातलं महाराजा फत्तेसिंह संग्रहालयही बंद असतं. सरकारी सुट्टीला कमाटीबागेतलं संग्रहालय मिळत नाही, रविवारी ग्रंथालयाचा भरवसा धरू नये. म्हणून मंगळवार ते शुक्रवार यातले कुठलेही लागोपाठचे दोन दिवस घ्या. शनिवार-रविवारच शक्य असेल तर निदान शुक्रवारी सकाळी पोहोचा आणि ग्रंथालय, कीर्तिमंदिर, संग्रहालय ही कामं शुक्रवारी उरका.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि जुन्या शहरात पायी फिरणं म्हणजे अंगाला शिक्षा. जुलै-ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस लागला की शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी फुगते. २०१९ आणि २०२४ च्या पुरांत शहराचे मोठे भाग पाण्याखाली होते. पावसाळ्यात येणार असाल तर निघण्याच्या आदल्या दिवशी बातम्या बघूनच निघा.

कुठं उतरायचं, कसं फिरायचं

मुंबईहून रेल्वेनं येणं सगळ्यात सोपं. रात्रीच्या गाडीनं सकाळी पोहोचता येतं, वंदे भारतही इथं थांबते. स्टेशनला दोन बाजू आहेत आणि पाहुणे इथंच गोंधळतात. एक नंबर फलाटाच्या बाजूला बाहेर पडलात की सयाजीगंज लागतं. विद्यापीठ, कमाटीबाग, एसटी स्टँड सगळं याच बाजूला. पलीकडे अलकापुरी, तिथं हॉटेलं जास्त नीटनेटकी आणि थोडी महाग. दोन दिवसांसाठी मी सयाजीगंज सुचवीन, कारण दुसऱ्या दिवसाचा अर्धा कार्यक्रम तिथून चालत होतो. विमानानं आलात तर हरणीचा विमानतळ शहराला लागूनच आहे.

रिक्षा भरपूर मिळतात, पण मीटरनं जायला क्वचितच कुणी तयार होतं. मोबाइल ॲपवरून बोलवा किंवा बसण्याआधी भाडं ठरवा. ठरावीक रस्त्यांवर शटल रिक्षा चालतात, इतर प्रवाशांबरोबर बसायचं आणि माणशी थोडे पैसे द्यायचे. रिक्षावाल्याला ‘न्यायमंदिर’, ‘मांडवी’, ‘काला घोडा’ एवढं सांगितलं की पुरे, रस्त्यांची कागदोपत्री नावं इथं कुणी वापरत नाही.

भाषेची काळजी नको. जुन्या शहरात सरळ मराठीत सुरुवात करा. दांडिया बाजार, रावपुरा, बाजवाडा या भागांत समोरून मराठीच उत्तर येण्याची शक्यता मोठी. गुजराती दुकानदारांनाही मराठी कळतं, बरेचसे बोलतातही. वयस्क माणसाला काका, बाईंना बेन म्हटलं की काम लवकर होतं. आणि गुजरातेत दारूबंदी आहे, परवान्याशिवाय बाटली जवळ बाळगू नका.

पहिली सकाळ: लहरीपुऱ्यातून आत

सकाळी आठच्या सुमारास न्यायमंदिरापाशी उतरा. दुकानं दहा-साडेदहानंतर उघडतात. त्याआधीच्या दोन तासांत फलक, हातगाड्या आणि गर्दी यांच्यामागे दडलेल्या इमारती मोकळ्या दिसतात. न्यायमंदिर १८९६ चं. अगदी परवापरवापर्यंत इथं जिल्हा न्यायालय भरायचं, आता ते जुन्या पादरा रस्त्यावर गेलं आहे. समोरच लहरीपुरा दरवाजा. जुन्या तटबंदीचे चार दरवाजे आजही उभे आहेत. पश्चिमेला हा लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर, पूर्वेला पाणीगेट आणि दक्षिणेला गेंडीगेट. लहरीपुऱ्यातून आत शिरा आणि नाकासमोर चालत राहा. दहा-बारा मिनिटांत मांडवी येते.

मांडवी म्हणजे मुघल काळातला चौकोनी मंडप, प्रत्येक बाजूला तीन कमानी. चारही दरवाज्यांचे रस्ते इथं येऊन मिळतात. वाहनांची गर्दी वाढायच्या आत आसपास उभं राहून चारी दिशांना नजर टाका, जुन्या शहराचा अख्खा नकाशा डोळ्यांत बसतो. मांडवीजवळच विठ्ठल मंदिर आहे. कार्तिकी एकादशीला इथून विठ्ठलाची मिरवणूक निघते, गायकवाडी काळापासून चालत आलेली. त्या दिवशी मांडवीत उभे राहिलात तर रस्त्याच्या दोन्ही कडांना गुजराती आणि मराठी घरं सारख्याच श्रद्धेनं हात जोडून उभी दिसतात.

आसपासच्या पोळांत जरूर शिरा. पोळ म्हणजे एका तोंडाची गल्ली, आत दाटीवाटीनं घरं, लाकडी खांब, कोरलेले कंस, वर पुढे आलेले सज्जे. हे लोकांचं राहतं घर आहे हे मात्र ध्यानात ठेवा. दारात बसलेल्यांना नमस्कार करून, विचारून फोटो काढा. विचारलंत तर बहुतेक वेळा चहाही पुढे येतो.

सेंट्रल लायब्ररी: अर्धा तास इथं द्याच

मांडवीपासून हाकेच्या अंतरावर बँक रोडला सेंट्रल लायब्ररी आहे. पाहुण्यांच्या यादीत ती नसते आणि माझ्या यादीत ती पहिली आहे. सयाजीराव अमेरिकेत गेले तेव्हा तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. गावोगावी वाचनालयं आणि पेट्यांतून फिरणारी पुस्तकं, असं सगळं त्यातून आलं. १९०६ मध्येच संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं होतं. शिकलेल्या माणसाला पुढं वाचायला काय, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही इमारत.

आत गेल्यावर ग्रंथपालांना विनंती करून पुस्तकांच्या मांडण्यांचा भाग बघा. लोखंडी मांडण्या एकावर एक मजले रचल्यासारख्या उभ्या आहेत आणि मधली जमीन जाड काचेची आहे. पायाखाली काच, तिच्यातून झिरपणारा उजेड खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांच्या पाठींवर पडतो. वीज बेताची होती त्या काळात खालच्या रांगांतली नावं वाचता यावीत म्हणून केलेली ही सोय, शिवाय आगीलाही वाव कमी. काचेवरून कुणी चाललं की खालून फक्त चपलांचे तळवे सरकताना दिसतात. इथं मराठी पुस्तकांचाही मोठा संग्रह आहे. ही चालती लायब्ररी आहे, लोक अभ्यासाला बसलेले असतात, तेव्हा आवाज नको.

रावपुरा, सूरसागर, दांडिया बाजार

आल्या वाटेनं लहरीपुऱ्याबाहेर या. पुढं सूरसागर तलाव, मध्ये १११ फुटी शंकराची मूर्ती. काठावरच संगीताचं महाविद्यालय आहे, ज्याची सुरुवात १८८६ मध्ये दरबारी गायक मौलाबक्ष यांच्या हाताखालच्या गायनशाळेनं झाली. दरबारी गाणं सामान्यांच्या मुलांना शाळेत शिकवायचं, हा विचार त्या काळी नवा होता.

तिथून रावपुऱ्यात तांबेकर वाडा. विचारत विचारत जा, गल्ली अरुंद आहे आणि पाटी सहज दिसत नाही. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा आज पुरातत्त्व खात्याकडे आहे. बाहेरून तो साधा वाटतो. जिना चढून वर गेलात की भिंतींवर, दारांच्या चौकटींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं दिसतात: कृष्णलीला, महाभारत, पुराणातले प्रसंग, आणि इंग्रज-मराठे लढाईसुद्धा. जिने खडे आहेत, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी जपून. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, रंग आधीच नाजूक झालेत. पुण्यात असे वाडे आता बोटावर मोजण्याइतके उरलेत. मराठी माणसानं बडोद्यात येऊन हा एक वाडा न बघता जाणं मला पटत नाही.

दांडिया बाजारात श्री अरविंदांचं निवासस्थान आहे. १८९३ ते १९०६ ते बडोद्याच्या नोकरीत होते, कॉलेजात शिकवत होते. पुढं १९०८ च्या जानेवारीत विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर त्यांनी इथल्याच सरदार मजुमदारांच्या वाड्यात ध्यान केलं. निवास शांत आहे, थोडा वेळ बसता येतं.

दुपारचं जेवण याच भागात घ्या. मराठी खानावळ हवी असेल तर एखाद्या किराणा दुकानात विचारा, ते जे सांगतील ते फलकांपेक्षा खात्रीचं. जेवून खोलीवर जाऊन तासभर पडा. बडोदंही दुपारी विसावतं, जुन्या बाजारातली बरीच दुकानं अर्धवट मिटलेली असतात.

साडेतीनच्या सुमारास कीर्तिमंदिराला जा. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी सयाजीरावांनी हे १९३६ मध्ये बांधलं. आत शिरताच मान वर करा. नंदलाल बोस यांनी इथल्या चार भिंतींवर चित्रं काढली आहेत: गंगावतरण, मीरेचं जीवन, नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. १९३९ ते १९४६ या काळात टप्प्याटप्प्यानं हे काम झालं. कलेच्या पुस्तकांत ज्यांचं नाव वाचतो त्यांचं एवढं मोठं काम इथं जवळपास एकट्यानं बघायला मिळतं, कारण गर्दी होतच नाही. गंगावतरणासमोर सगळ्यात जास्त वेळ थांबा.

दुसरा दिवस: कमाटीबाग आणि कॉलेजचा घुमट

सकाळी लवकर काला घोडा. सयाजीरावांचा हा अश्वारूढ पुतळा डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराचा. शेजारीच १८७९ मध्ये लोकांसाठी काढलेली सयाजीबाग, आमच्या तोंडी कमाटीबाग. सकाळी इथं अर्धं शहर चालायला येतं.

बागेला लागून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. खऱ्या, रानटी आणि बऱ्याच. हिवाळ्यात उन्ह चढलं की पुलावरून काठाकडे बघा. चिखलाच्या रंगाचा ओंडका पडलेला दिसतो, मग त्याचा जबडा उघडा असल्याचं लक्षात येतं. पुलावरूनच बघा. काठावर उतरू नका, मुलांना उतरू देऊ नका, फोटोसाठी तर अजिबात नाही.

बागेतच संकल्पभूमी आहे. परदेशात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला आले. जात कळताच त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आलं आणि शहरात कुणी जागा दिली नाही. गाडीची वाट बघत ते या बागेत बसून राहिले. ज्या राजानं त्यांना शिष्यवृत्ती दिली, त्याच्याच राजधानीत हे घडलं. सयाजीरावांबद्दल मला कितीही आदर असला तरी पाहुण्यांना मी इथं आणतोच, कारण बडोद्याची गोष्ट याच्याशिवाय अर्धी राहते.

साडेदहाला संग्रहालयात शिरा. इमारत १८९४ ची. मुलं ममी आणि निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी रमतात. मोठ्यांनी अकोट्याच्या जैन धातुमूर्ती शोधाव्यात. अकोटा आज शहराचंच उपनगर आहे. तिथं सापडलेल्या या मूर्तींत पाचव्या-सहाव्या शतकातल्याही आहेत आणि त्यातली जीवंतस्वामीची, म्हणजे संन्यासाआधीच्या राजपुत्र महावीराची मूर्ती मान खाली घालून काही ऐकत असल्यासारखी वाटते. लागून असलेल्या चित्रदालनात युरोपियन चित्रं आहेत, वेळ असेल तर बघा.

नंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेचा घुमट. १८८१ मध्ये सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची ही इमारत रॉबर्ट चिझम या इंग्रज वास्तुविशारदानं विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधली. दारावरच्या पहारेकऱ्याला विचारून आवारात जा. चित्रकलेत रस असेल तर १९५० मध्ये सुरू झालेली ललित कला शाखाही बघा. ना. श्री. बेंद्रे, के. जी. सुब्रमण्यन यांनी इथं शिकवलं, भूपेन खख्खर इथले. उन्हाळ्याच्या तोंडाशी विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन असतं, ते चुकवण्यासारखं नसतं.

आता महाल

दुपारी दोनच्या आत महालात पोहोचा, संध्याकाळी पाचच्या सुमारास बंद होतो. तिकिटाबरोबर कानाला लावून ऐकायचं निवेदन मिळतं, ते घ्या आणि घाई न करता ऐका. आत फोटो काढता येत नाहीत. १८७८ ला काम सुरू झालं, मेजर चार्ल्स मँट यांच्यानंतर चिझमनं ते १८९० मध्ये पुरं केलं. दरबार हॉलची मोझेकची जमीन आणि बेल्जियन रंगीत काचांच्या खिडक्या बघितल्यावर फेलिची या इटालियन शिल्पकाराची शिल्पं नुसती ओलांडून जाऊ नका. राजा रविवर्म्याच्या चित्रांसाठी वेगळं तिकीट काढून फत्तेसिंह संग्रहालयात जा. ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा, आणि महालातून शाळेत जायला त्यांच्यासाठी छोटी आगगाडी होती. क्रिकेटवेड्यांनी आवारातल्या मोतीबाग मैदानाकडे एक नजर टाकावी, विजय हजारे बडोद्याकडून खेळले.

मकरपुरा आणि प्रताप विलास हे बाकीचे महाल हवाई दल आणि रेल्वेकडे आहेत, तिकडे उगाच रिक्षा नेऊ नका.

खाणं

बडोद्याचं खास म्हणजे सेव उसळ. कीर्तिस्तंभाजवळ महाकालीची प्रसिद्ध आहे, पण प्रत्येक भागाची आपली एक गाडी असते. पांढऱ्या वाटाण्यांची वाफाळती उसळ, वर सेव, कांद्याची पात, बाजूला पाव. लाल तरी वेगळ्या भांड्यात येते, ती एकदम ओतू नका. आधी उसळ चाखा, मग चमचा-चमचा तरी वाढवा. आपल्या मिसळीशी तुलना करत बसू नका. इथं मटकी नसते, फरसाणाची भरती नसते, वाटाणा मऊ आणि रस्सा दाट असतो. संध्याकाळी सहा ते आठ ही तिची वेळ.

सकाळी फाफडा, सोबत कच्च्या पपईचा संभारो आणि जिलबी. न्यायला जगदीशचा लीलो चेवडो आणि भाकरवडी घ्या. लीलो चेवडो ओलसर, गोडसर असतो, चार-पाच दिवसांत संपवा. दुलीरामचे पेढे रावपुऱ्यात. हिवाळ्यात उंधियू मिळेल तिथं खा.

सणाला येणार असाल तर

नवरात्रात बडोद्याचा गरबा बघायलाच हवा. मोठ्या मैदानावर हजारो लोक एकात एक गोल करून, अनवाणी, समोर गाणाऱ्यांच्या सुरावर खेळतात. टाळ्यांचा गरबा, टिपऱ्या फारशा नाहीत. पास आधी घ्या आणि राहायची सोय महिनाभर आधी करा. गणपतीत दांडिया बाजार, रावपुरा पायी फिरा, वाहन लांब ठेवा.

उत्तरायणाला, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीला, सगळं शहर गच्चीवर असतं. त्या आठवड्यात दुचाकीवर मागं बसायची वेळ आली तर गळ्याभोवती जाड उपरणं गुंडाळा आणि उड्डाणपूल टाळा. आडवा आलेला मांजा दिसत नाही आणि गळा कापतो. आम्ही हे घरच्या पोरांना दरवर्षी बजावतो, पाहुण्यांनाही तितक्याच कळकळीनं सांगतो.

तिसरा दिवस मिळाला तर

केवडियाचा पुतळा बघायचा असेल तर तो याच दिवशी, सुमारे ९० किलोमीटर, आणि सोमवारी तोही बंद. मला विचाराल तर मी चांपानेर-पावागड सांगेन, सुमारे ५० किलोमीटर. २००४ पासून ते जागतिक वारसा आहे. बहुतेक लोक सरळ रोपवेनं कालिकामातेचं दर्शन घेऊन परततात आणि पायथ्याचं सुलतानी शहर तसंच राहतं. सकाळी आठला पायथ्याशी जामा मशिदीपासून सुरुवात करा. दगडी जाळ्यांतून कोवळं ऊन आत येत असतं तेव्हाच ती बघावी. तिथून ‘शहर की मस्जिद’ नावाची दुसरी मशीद, मग वर डोंगरावर. पाणी आणि टोपी बडोद्यातूनच घेऊन निघा, रविवारी आणि नवरात्रात रोपवेची रांग तासन्‌तास हलत नाही.